पाठमोऱ्या खुर्च्या

"सदर बाब तपासून पाहण्यात येईल. सदर बाब विचाराधीन आहे. सदर बाब..."

न्हाणीघराच्या आरशासमोर उभं राहून राज्याच्या पाणीखात्याच्या मंत्री पाठांतर करत होत्या. केस ओले, खांद्यावर टॉवेल, आणि आवाज असा की नापास झालेली मुलगी घरी निकाल सांगायचा सराव करतेय.

"'सदर'वर एवढा जोर नको," बाहेरून साहेब म्हणाले. "आणि बोलून झालं की खाली बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं."

"हो."

"पुन्हा म्हण."

त्यांनी पुन्हा म्हटलं.

गोंधळ व्हायच्या आत एक गोष्ट सांगून टाकायला हवी. या घरात मंत्री ती होती आणि साहेब ते होते. म्हणजे तिचा नवरा. पूर्वी आमदार तेच होते, लागोपाठ निवडून आलेले, आणि मंत्रिपद आता हाताच्या अंतरावर आलं होतं. तेवढ्यात नियम निघाला की ही जागा बायकांसाठी. साहेबांना दोन दिवस ताप आला. तिसऱ्या दिवशी ती भाजी घेऊन परत येत होती, तर कोपऱ्यावरच्या भिंतीवर तिला स्वतःचाच चेहरा दिसला! लग्नाच्या फोटोतून कापून काढलेला. कापताना अर्धा कान गेला होता. खाली एक हात उंचावलेला होता, तोही तिचा नव्हता. आणि वर, तिच्या दुप्पट आकाराचे, हसरे साहेब.

घरी येऊन ती म्हणाली, "अहो, भिंतीवर मी आहे."

"हो, निवडणुकीला उभी आहेस," साहेब म्हणाले. "भाजी काय आणलीस?"

अशी तिची राजकीय कारकीर्द सुरू झाली. ती निवडून आली, मंत्री झाली, शपथही घेतली. शपथ तेवढी तिनं स्वतःच्या तोंडानं घेतली, कारण ती नवऱ्याला घेता येत नाही. बाकी सगळं साहेबांनी घेतलं.

नाश्त्याच्या टेबलावर चौघं बसली. साहेब, मंत्री, चार दिवस राहायला आलेली साहेबांची बहीण आणि मुलगी झिपरी. केस कधीच जागेवर राहत नसत म्हणून ती झिपरी, आणि तोंडही कधी जागेवर राहत नसे.

"आई, आज तुला भेटायला कोण कोण येणार?"

"तिला काय विचारतेस?" आत्या म्हणाली. "दादाला विचार. वहिनीला तर आज वार कोणता तेही माहीत नसेल."

"पण मंत्री तर आई आहे ना?"

साहेबांचा चमचा बशीवर टेकला. अगदी हळू. पण आईनं मान खाली घातली आणि आत्या एकदम लोणी लावण्यात गुंग झाली.

साहेब कधी ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान शेजाऱ्यांना कळलं असतं. राग आला की त्यांचा आवाज खाली उतरायचा. जितका राग जास्त, तितका आवाज बारीक. मग समोरच्याला पुढं वाकून, कान त्यांच्या तोंडापाशी नेऊन, आपल्याला काय शिक्षा झाली ते ऐकावं लागे.

"झिपरे," साहेब म्हणाले, आणि झिपरीला पुढं वाकावं लागलं. "शाळेला उशीर होतोय."

एवढंच. पण झिपरीनं अर्धा पाव तसाच ठेवला आणि दप्तर उचललं.

*

मंत्र्यांची कचेरी मोठी होती. भिंतीला नकाशा, नकाशासमोर भलंमोठं टेबल, टेबलामागं ती. आणि बरोबर समोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी, साहेबांची वेताची आरामखुर्ची. शेजारी छोटं मेज, त्यावर दोन मोबाईल. एक साहेबांचा, दुसराही साहेबांकडेच असलेला, मंत्र्यांचा.

भेटायला येणाऱ्यांच्या खुर्च्या मध्ये होत्या. पहिल्यांदा त्यांची तोंडं मंत्र्यांकडे होती. पण लोक यायचे, मॅडमना नमस्कार घालायचे आणि खुर्ची फिरवून साहेबांशी बोलायला लागायचे. रोज खुर्च्या सरळ करून करून शिपाई वैतागला. म्हणाला, "जाऊ द्या, यांच्या नशिबात उलटंच लिहिलंय." तेव्हापासून खुर्च्या तशाच राहिल्या, खिडकीकडे तोंड करून.

आणि मंत्र्यांच्या समोर उरल्या पाठी. नुसत्या पाठी! तिला लोक चेहऱ्यानं ओळखता येत नसत, मानेवरून येत. ठेकेदारांच्या माना जाड आणि घामट. शिक्षकांच्या मानेवर खडूची बोटं. गरजू माणसाची मान आत ओढलेली, जणू वरून काहीतरी पडणारच आहे. शेवटी कुणीतरी विचारायचं, "मग मॅडमचं काय म्हणणं?" तेव्हा ती साहेबांच्या चष्म्याकडे बघायची. चष्मा नाकावर असेल तर "मंजूर." हातात असेल तर "सदर बाब विचाराधीन आहे."

त्या दिवशी आलेली मान तिनं आधी कधी पाहिली नव्हती. उन्हानं रापलेली, केस घट्ट बांधलेले. वरच्या तलावाच्या धरणावरची अभियंता. बाईमाणूस. पण तीही आत आली, नमस्कार केला आणि पाठ करून बसली. इथली रीतच होती ती, आणि रीत काही फक्त पुरुष पाळत नाहीत.

"साहेब, मी सारखे फोन केले. धरण मातीचं आहे, जुनं आहे. पायथ्याशी पाणी झिरपतंय. पातळी खाली आणायला हवी. दरवाजे उघडले तर खालच्या वस्तीच्या कडेनं लोंढा जाईल, म्हणून आधी वस्ती हलवायला हवी. आजच हलवली तर बरं."

"बाई, या आठवड्यात मुख्यमंत्री येतायत," साहेब हसून म्हणाले. "तलावात नौकाविहार सुरू करायला. नवीन नावा आणल्यात, रंगवल्यात. आणि तुम्ही म्हणता तलाव रिकामा करा? नावा काय चिखलात ढकलू?"

"साहेब, पण..."

"सगळी धरणं झिरपतात. माणसाला घाम नाही का येत?"

त्या नावांमध्ये साहेबांचं काय होतं ते सांगायला हवं. शेजारचा मतदारसंघ मोकळा होणार होता, आणि त्या दिवशी नावेत मुख्यमंत्र्यांशेजारी जो बसेल त्याला तिथली उमेदवारी मिळणार, असं ठरल्यासारखं होतं. साहेबांनी त्यासाठी पांढरे बूटसुद्धा आणले होते.

"पाणी स्वच्छ येतंय की गढूळ?"

खोलीत कुणीतरी विचारलं. कोण बोललं ते कुणालाच कळेना. अभियंता इकडेतिकडे बघायला लागली. मग तिनं मान वळवली आणि मंत्र्यांकडे पाहिलं. मंत्री झाल्यापासून समोरच्या खुर्चीतला चेहरा असा वळून आपल्याकडे बघतोय, हे तिनं पहिल्यांदाच अनुभवलं.

तो चेहरा घाबरलेला होता. इतका घाबरलेला, की तिला आरशात बघितल्यासारखं झालं.

"गढूळ, मॅडम," अभियंता म्हणाली. "म्हणूनच तर. गढूळ म्हणजे पाणी भिंतीच्या आतली माती घेऊन बाहेर येतंय."

पाठींकडे बघत बसलेल्या माणसाला दुसरं काम काय? ऐकणं! पाइप, पंप, गाळ, दरवाजे, सगळं तिच्या कानावरून गेलं होतं आणि ती समजत होती त्यापेक्षा जास्त डोक्यात राहिलं होतं.

साहेबांनी चष्मा काढला. फडक्यानं पुसला. पुन्हा घातला नाही.

"सदर बाब," मंत्री म्हणाल्या, "विचाराधीन आहे."

*

इकडे शाळेत झिपरीच्या बाकावरची कर्णा फुशारकी मारत होती. कर्ण्यासारखा आवाज म्हणून कर्णा. ती खालच्या वस्तीत राहायची.

"आमच्या मागच्या अंगणात फुकटचा झरा आलाय! जमिनीतून आपोआप! आई म्हणते सार्वजनिक नळावर आता कोण जातंय रांग लावायला."

"आपोआप कसा?"

"तुझी आई पाणीमंत्री, तिलाच विचार. तिनंच धाडला असेल. फक्त जरा मातकट आहे गं, चहा केला तर दूध न घालताच दुधाचा दिसतो."

सगळ्या पोरी खिदळल्या. झिपरीही खिदळली.

रात्रीच्या जेवणाला तिनं तो विनोद जसाच्या तसा सांगितला आणि आईच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"मातकट? वस्तीत?" आईनं विचारलं. "अंगणापर्यंत आलं?"

आत्यानं पुसायला फडकं आणलं नाही. साहेबांनी हात पुसले आणि आईकडे बघितलं.

"आज कचेरीत तू प्रश्न विचारलास," ते म्हणाले. सगळे पुढं वाकले. "मी काही बोललो नाही. म्हटलं, चुकून तोंडातून गेलं असेल. माणूस आहे."

"अहो, पण गढूळ पाणी..."

"ही," साहेबांनी झिपरीकडे बोट केलं आणि त्यांचा आवाज आणखी उतरला, "फार बोलायला लागलीय. शाळेत पोरी काय काय शिकतात. नावांचा कार्यक्रम झाला की हिला आत्याच्या घरी पाठवू. घरकाम शिकेल. शाळा पुरे झाली. अर्थात, कार्यक्रम नीट झाला तर मग मीच म्हणेन, राहू दे."

"येऊ दे की," आत्या म्हणाली. "माझे गुडघे गेलेच आहेत."

झिपरीनं ताट पुढं ढकललं. आईचा चेहरा तिनं पाहिला आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा समजलं की आई रोज आरशासमोर काय पाठ करते. ती उत्तरं मंत्रिपद टिकवायची नव्हतीच. ती झिपरीच्या फीची, दप्तराची, वर्गातल्या बाकाची किंमत होती. रोज थोडी थोडी करून आई ती चुकवत होती.

भांडी घासताना दोघी शेजारी उभ्या राहिल्या. नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको.

"आई, कर्णाचा धाकटा भाऊ अजून रांगतो."

"बोलू नकोस."

"तो त्या झऱ्यात खेळतो गं. खाली बसून हात आपटतो."

"झिपरे, गप्प बस! माझ्या हातात काय आहे? फोनसुद्धा नाही. मी बोलले तर उद्या तुझं दप्तर जाईल."

झिपरीनं ताट विसळलं, उलटं ठेवलं.

"आत्याकडून पळून यायला मला येतं," ती म्हणाली. "तिचे गुडघे गेलेत, ती काय पाठलाग करणार? माझी शाळा माझी मी सांभाळते. तू तुझं खातं सांभाळ."

आईला हसू आलं. मग हसता हसता ती तोंडावर ओला हात दाबून रडायला लागली, आणि नळ तसाच वाहत राहिला.

*

सकाळी न्हाणीघरातून पाठांतराचा आवाज आला नाही. साहेबांना वाटलं, घसा बसला असेल.

कचेरीत अभियंता दार उघडायच्या आधीपासून उभी होती. बुटांना घोट्यापर्यंत चिखल. हातात पाण्याची बाटली, आणि बाटलीत चॉकलेटी पाणी. आत आली, खिडकीकडे गेली आणि बाटली साहेबांच्या मेजावर ठेवली.

"रात्रीत वाढलंय, साहेब. काल धार करंगळीएवढी होती, आज मनगटाएवढी आहे. डोंगरात पाऊस चालूय, तलाव काठोकाठ आहे. तुम्ही हुकूम द्या."

"बाई, तुमची बदली कुठं करू? वाळवंट बघितलंय का?" साहेबांनी विचारलं. शेजारी बसलेले दोन कारकून हसले. शिपाई हसला नाही, कारण त्याची मावशी खालच्या वस्तीत राहायची.

"ती बाटली इकडे आणा."

मंत्री उभ्या होत्या. दोन्ही हात टेबलावर टेकलेले. समोर चष्मा साहेबांच्या नाकावरून खाली आला, घडी झाला, हातात गेला. रोजच्या सवयीनं तिच्या जिभेवर 'सदर' हा शब्द येऊन बसला. तिनं तो गिळला.

"आणि खुर्ची फिरवून बसा," ती अभियंत्याला म्हणाली. "खात्याची मंत्री मी आहे."

अभियंत्यानं साहेबांकडे पाहिलं. कारकुनांनी साहेबांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मंत्र्यांनीही साहेबांकडेच पाहिलं. इतक्या दिवसांची सवय, मान आपोआप वळते.

साहेब शांतपणे उठले. खुर्च्यांमधून वाट काढत टेबलापाशी आले. वाकले. त्यांचे ओठ हलले. आवाज इतका बारीक की शेजारच्या कारकुनालाही कळू नये. त्यांनी मुलीचं नाव घेतलं. शाळेचं घेतलं. आजच, म्हणाले. संध्याकाळी नाही, आत्ता. गाडी पाठवतो.

रोज ती अशा वेळी पुढं वाकायची. आज ती मागं सरली. पाठ नकाशाला टेकली.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

साहेबांचे ओठ पुन्हा हलले.

"अहो, ऐकू येत नाही! मोठ्यानं बोला. सगळ्यांना कळू दे."

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जे बोलायचं होतं ते मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतंच! पुरुषाच्या संतापाचं ते सगळं बळ, ज्याच्यापुढं आख्खं घर वाकत आलं होतं, ते चार माणसांत उच्चारण्याच्या लायकीचं नव्हतं.

"मॅडमची तब्येत बरी नाही," ते वळून म्हणाले. "आजच्या भेटी बंद."

तेवढ्यात फरशीवर खरखर झाली. शिपायानं एक खुर्ची फिरवली होती. मग दुसरी. खुर्च्या जड होत्या, पायांना रबर नव्हतं, दात आंबतील असा आवाज येत होता, आणि तो थांबेना. तिसरी खुर्ची अभियंत्यानं स्वतः फिरवली आणि मंत्र्यांकडे तोंड करून बसली.

"वस्ती हलवा," मंत्री म्हणाल्या. "आधी लेकरं आणि म्हातारी माणसं. सगळ्यांना शाळेत न्या, वर्ग मोकळे करायला लावा. मग दरवाजे उघडा. हुकूम माझा. काही चुकलं तर तेही माझं."

*

धरणावरचा भोंगा गंजला होता, वाजलाच नाही. मग कर्णाला शाळेतून बोलावलं, आणि तिनं गल्लोगल्ली जाऊन असं काही ठणाणा केलं की बहिरे म्हातारेसुद्धा चपला शोधायला लागले. माणसं भांडी, गाद्या, कोंबड्या घेऊन वर्गांमध्ये शिरली. आशीर्वाद बिशीर्वाद कुणी दिले नाहीत. शिव्याच दिल्या. "मंत्रीणबाईंना पाण्याची एवढी भीती, आंघोळ तरी करतात की नाही?" एक बाप्या म्हणाला आणि सगळा वर्ग हसला. झिपरी दारात लहान पोरांना बिस्किटं वाटत होती. तिनं ते ऐकलं. कर्णाचा भाऊ तिच्या कडेवर होता. तिनं त्याला घट्ट धरलं.

तलाव उतरला. रंगवलेल्या नावा चिखलात कलंडल्या. मुख्यमंत्री आले नाहीत.

आणि धरण फुटलं नाही!

काहीच झालं नाही. ज्याच्या भीतीनं एवढा गोंधळ घातला ते झालंच नाही. लोक घरी परतले. पेपरांत ठळक अक्षरांत आलं, "घाबरट मंत्री". चार दिवसांत तिचं मंत्रिपद गेलं. साहेब बहिणीकडे राहायला गेले. जाताना गाडी नेली, आणि आईचा फोनही नेला. झिपरीच्या शाळेतही ते जाऊन आले. पण मुलीला शाळेतून काढायचं कारण मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना सगळ्या शिक्षकांसमोर, मोठ्यानं सांगायला लावलं. ते न सांगताच निघून आले. झिपरी रोज चालत शाळेत जाते.

चिखल वाळल्यावर अभियंता आईला आणि झिपरीला धरणाच्या पायथ्याशी घेऊन गेली. झुडपं बाजूला केली. भिंतीच्या पोटात पोकळी होती, गार, ओली, काळोखी. तिघीही वाकून आत उभ्या राहू शकल्या. वरून माती झडत होती. झिपरीनं वर बघितलं. जेमतेम हातभर माती उरली होती, आणि दरवाजे उघडेपर्यंत तिच्यावर सगळा तलाव उभा होता. तिनं आईचा हात धरून तिला बाहेर ओढलं.

पेपरवाल्यांना बोलावलं होतं. कुणी आलं नाही. न झालेल्या गोष्टीचा फोटो कसा काढणार?

आता ती विधानसभेत शेवटच्या रांगेत बसते. परवा ती धरणांबद्दल प्रश्न विचारायला उभी राहिली. हातातला कागद तिनं बाकावर ठेवून दिला. सवयीनं नजर वर प्रेक्षकांच्या सज्ज्याकडे गेली. तिथं कुणाचाही चष्मा नव्हता. ती घाबरली, आणि घाबरतच प्रश्न विचारला. सगळा विचारला.

अशा मंत्री, अशा सभापती, अशा अध्यक्षा तुमच्या आसपास असतील. त्यांच्याकडे काम घेऊन जाल तेव्हा त्यांच्या खिडकीपाशीही कुणीतरी पाय पसरून बसलेलं असेल. तुम्ही आत शिराल, खुर्ची ओढाल.

बसायच्या आधी एकदाच बघा, आपली पाठ कुणाकडे आहे.